वेडी बेट? अजिबात नाही!

गाडीत पीचची कोवळी रोपं आहेत. रोपांखाली धातूची शवपेटी आहे आणि शवपेटीत महिन्याभरापूर्वी पुरलेला एक तरुण कर्नल. गाडी हाकतोय विल्यम राउली नावाचा शेतकरी. समोर सैनिकांचा नाका लागतो. एक पहारेकरी पुढे येतो आणि गाडी तपासायची सोडून चक्क गप्पा मारायला लागतो. विषय काय, तर पीचची रोपं! राउलीही निवांतपणे उत्तरं देतो. शेवटी गाडी सुटते.

ही कुठल्या वेबसिरीजची ओपनिंग नाही. एप्रिल १८६४ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहराच्या वेशीवर हे घडलं. राउली ज्या गुप्त गटात होता, त्याच्या मध्यभागी होती पंचेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, बड्या घरातली एक बाई. एलिझाबेथ व्हॅन ल्यू. तुम्ही तिचं नाव ऐकलं असेल तर बहुतेक ‘क्रेझी बेट’, म्हणजे ‘वेडी बेट’ म्हणून. तिची स्टोरी अशी सांगतात की, ती केस विस्कटून, गबाळे कपडे घालून, स्वतःशीच पुटपुटत रस्त्याने फिरायची. या वेडीला कोण विचारतंय, म्हणून तिच्यावर कुणी संशयच घेतला नाही. भारी स्टोरी आहे. फक्त ती खरी असल्याचा त्या काळातला पुरावा सापडत नाही. जे खरं घडलं ते याहून भारी आहे, आणि थोडं टोचणारंही.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामगिरीवर उभी असलेली दक्षिणेतली अकरा राज्यं देशातून फुटली, त्यांनी ‘कॉन्फेडरेट’ सरकार स्थापन केलं आणि व्हर्जिनियातलं रिचमंड राजधानी म्हणून निवडलं. शत्रूची राजधानी वॉशिंग्टन तिथून जेमतेम दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर. हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही बरं का. दक्षिणेतला कापूस अडकला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईतून जाणाऱ्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथला बाजार धाडकन कोसळला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. एलिझाबेथ त्याच बाजूची. फक्त ती राहत होती समोरच्या बाजूच्या राजधानीत!

आणि ती बाहेरून आलेली नव्हती. जन्म १८१८, रिचमंडमध्येच. वडील मूळचे न्यूयॉर्ककडचे, रिचमंडमध्ये त्यांचा लोखंडी सामानाचा मोठा धंदा. आई फिलाडेल्फियाच्या एका महापौराची मुलगी. चर्च हिल नावाच्या टेकडीवर त्यांचा प्रशस्त बंगला होता. पाहुण्यारावळ्यांचा राबता असायचा. एलिझाबेथला शिकायला फिलाडेल्फियाला पाठवलं होतं आणि गुलामगिरी चूक आहे हे तिचं मत तरुणपणीच पक्कं झालं.

इथे एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. एलिझाबेथवरच्या बऱ्याच लेखांत असं असतं की, १८४३ मध्ये वडील वारले आणि तिने लगेच घरातल्या सगळ्या गुलामांना मुक्त केलं. कागदपत्रं तसं सांगत नाहीत. वडिलांच्या मृत्युपत्राने तिचे आणि तिच्या आईचे हात बांधलेले होते. त्यांनी घरातल्या गुलाम माणसांपैकी काहींना बाहेर राहून, स्वतः कमावून जगू दिलं. पण कागदोपत्री युद्धाच्या काळापर्यंत या घराच्या मालकीची माणसं होती. गुलामगिरीचा तिरस्कार करणारी बाई गुलाम असलेल्या घरात राहत होती. हे वाचून तुम्हाला ती कमी आवडायला लागली तर त्यात गैर काही नाही. मला उलट ती इथेच पुतळ्याची माणूस झाल्यासारखी वाटते.

खीर, पुस्तकं आणि खुशामत

जुलै १८६१ मध्ये युद्धाची पहिली मोठी लढाई झाली. दक्षिण जिंकली आणि उत्तरेचे शेकडो सैनिक कैदी होऊन रिचमंडमध्ये आले. तंबाखूच्या गोदामांचे तुरुंग झाले. शहरातल्या बायका आपल्या सैनिकांसाठी शर्ट शिवत होत्या, जखमींची सेवा करत होत्या. एलिझाबेथ गेली कैद्यांकडे. मला त्यांची शुश्रूषा करू द्या, म्हणाली.

तुरुंगाचा अधिकारी होता लेफ्टनंट डेव्हिड टॉड. हा कोण? अब्राहम लिंकन यांच्या पत्नीचा सावत्र भाऊ! यादवी युद्ध म्हणजे काय ते एका वाक्यात कळतं ना? टॉडने तिला उडवून लावलं. मग ती थेट अर्थखातं सांभाळणाऱ्या मेमिंजर यांच्याकडे गेली. एका धार्मिक सभेत ते काय बोलले होते ते तिच्या लक्षात होतं. दया करायची तर ती पात्र-अपात्र न बघता करावी, असं काहीतरी. तिने ते त्यांना आठवून दिलं. ते विरघळले आणि त्यांनी तिला तुरुंगांचे मुख्य जनरल विंडर यांच्याकडे पाठवलं. विंडर यांच्यासमोर तिने त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांचं कौतुक केलं. पास मिळाला.

त्यानंतर ती आणि तिची आई कैद्यांसाठी खाणं, कपडे, औषधं, पुस्तकं नेऊ लागल्या. आता विचार करा, कैद्याला काय माहीत असतं? बरंच काही. पकडून आणताना त्याने वाटेत कुठल्या तुकड्या, किती तोफा पाहिल्या ते त्याला आठवत असतं. पहारेकऱ्यांची बडबड त्याच्या कानावर पडत असते. ही माहिती परत आलेल्या पुस्तकांतून बाहेर यायची. पानांवरच्या ठरावीक अक्षरांना टाचणीने बारीक भोक पाडलेलं असायचं, ती अक्षरं जोडली की निरोप तयार. दुहेरी तळाच्या भांड्याचीही गोष्ट सांगतात. वर खाणं, खालच्या कप्प्यात चिठ्ठी.

शहराच्या लगेच लक्षात आलं. गुप्तहेरी नव्हे, दयाळूपणा. त्याच महिन्यात रिचमंडच्या वर्तमानपत्राने चर्च हिलवरच्या मायलेकींवर तोंडसुख घेतलं. आपल्या सैनिकांना सोडून या शत्रूला खाऊ घालतात म्हणून. नाव छापलं नाही, पण कोणाबद्दल आहे ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. धमक्या सुरू झाल्या. मग तिने काय केलं? टॉडच्या जागी आलेला तुरुंग अधिकारी कॅप्टन गिब्ज याला सहकुटुंब आपल्याच बंगल्यात राहायला जागा दिली! ज्या तुरुंगातून बातम्या काढायच्या, त्याचाच अधिकारी रोज आपल्या टेबलावर जेवायला. यासाठी वेड लागतं की थंड डोकं, तुम्हीच ठरवा.

धोका खरा होता. एप्रिल १८६२ मध्ये टिमथी वेब्स्टर या उत्तरेच्या हेराला रिचमंडमध्येच फाशी दिलं गेलं होतं.

‘माझी लाडकी आत्या’

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं हे काम तिने आणि शहरातल्या तिच्यासारख्या काही जणांनी स्वतःच्या हिमतीवर आणि स्वतःच्या पैशांवर केलं. १८६३ संपताना उत्तरेच्या जनरल बटलर यांच्यापर्यंत तिचं नाव पोचलं आणि मग ते अधिकृत झालं. बटलर तिला पत्र लिहायचे ते ‘जेम्स जोन्स’ या खोट्या नावाने, आत्याला लिहितो तसं. घरच्या तब्येतीपाण्याच्या गप्पा वर दिसायच्या. मजकूर न दिसणाऱ्या शाईत असायचा, आम्ल लावून कागद गरम केला की उमटणारा. लहानपणी लिंबाच्या रसाने लिहून कागद दिव्यावर धरला असेल तर तुम्हाला ही आयडिया कळलीच.

सांकेतिक लिपीही होती आणि ती समजायला सोपी आहे. सहा आडव्या, सहा उभ्या रांगांचा चौकोन काढायचा. छत्तीस घरं होतात. त्यात इंग्रजीची सव्वीस अक्षरं आणि दहा अंक वाटेल तसे पेरायचे. प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या रांगेचे आणि स्तंभाचे आकडे लिहायचे. चौकोन हातात नसेल तर समोरच्याला नुसते आकडे दिसणार. एलिझाबेथचा चौकोन तिच्या घड्याळाच्या मागच्या झाकणात असायचा.

१८६४ च्या उन्हाळ्यात जनरल ग्रँट यांचं सैन्य रिचमंडच्या दक्षिणेला येऊन बसलं, तेव्हा तिच्या घरापासून छावणीपर्यंत निरोप पोचवायला पाच ठाणी होती. शहराबाहेर व्हॅन ल्यू कुटुंबाची शेती होती, त्यामुळे शेतावरून घरी आणि घरून शेतावर माणसांची ये-जा संशयास्पद वाटत नसे. भाजी घेऊन जाणाऱ्या नोकराच्या बुटाच्या तळव्यात किंवा अंड्याच्या रिकाम्या कवचात काय असेल ते कोण तपासणार? ही ने-आण करणारे बहुतेक जण काळे होते आणि पकडले गेले असते तर त्यांचं काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. बंगल्यातल्या बाईला निदान प्रतिष्ठेचं कवच होतं, त्यांना तेही नव्हतं. त्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. राग येतो खरं तर. या गटात बडी माणसंही होती. सॅम्युअल रूथ हा तर रेल्वेचा अधीक्षक. दक्षिणेच्या सैन्याला रसद नेणाऱ्या मार्गावर पुलांची दुरुस्ती कशी कूर्मगतीने होईल याची तो मनापासून काळजी घ्यायचा.

आता त्या पीचच्या रोपांकडे येऊ. ३० जानेवारी १८६४ रोजी एलिझाबेथने बटलर यांना कळवलं की, रिचमंडमधले कैदी जॉर्जिया राज्यात हलवायचा बेत आहे. शहरावर चाल करायची तर मोठ्या ताकदीनिशी करा, निदान तीस हजारांनी, असंही तिने बजावलं. (जॉर्जियातल्या त्या अँडरसनव्हिल तुरुंगात पुढे जवळपास तेरा हजार कैदी मेले. म्हणजे तिची घाई उगाच नव्हती.) फेब्रुवारीत लिबी तुरुंगातले १०९ अधिकारी भुयार खणून पळाले, त्यातले ५९ उत्तरेच्या सैन्यापर्यंत पोचले. काहींना तिच्या गटाने घरांत लपवलं. मग कैदी सोडवायला उत्तरेचं घोडदळ निघालं, पण तिने सांगितलेल्या ताकदीच्या जवळपासही नाही. मोहीम फसली. २ मार्चला कर्नल अल्रिक डालग्रेन मारला गेला. वय एकवीस. तुमच्या-माझ्या वयाचा. आदल्या वर्षीच युद्धात त्याचा एक पाय गेला होता.

त्याच्या अंगावर सापडलेल्या कागदांत रिचमंड जाळण्याच्या आणि कॉन्फेडरेट अध्यक्ष डेव्हिस यांना ठार मारण्याच्या सूचना होत्या. शहर पेटून उठलं. अंगठीसाठी त्याचं बोट कापलं गेलं, त्याचा लाकडी पाय काढून घेतला गेला आणि प्रेत रात्री गुपचूप कुठेतरी पुरलं गेलं. एलिझाबेथच्या लोकांनी शोध लावला. पुरताना एका काळ्या माणसाने पाहिलं होतं, त्याने जागा दाखवली. त्यांनी प्रेत उकरलं, नव्या पेटीत ठेवलं, राउलीच्या गाडीतून रोपांखाली लपवून शहराबाहेर नेलं आणि एका विश्वासू शेतकऱ्याच्या जमिनीत नीट पुरलं. वर एक पीचचं झाड लावलं.

कशासाठी? या प्रेतात लष्करी माहिती नव्हती. पकडले गेले असते तर सगळं जाळं उघडं पडलं असतं. हेरगिरीच्या हिशोबात हा निव्वळ मूर्खपणा ठरतो. पण ज्या मोहिमेमागे आपल्या बातमीचाही वाटा होता, त्यात मेलेल्या पोराची ही अशी विटंबना तिला बघवली नसावी, असं मला वाटतं. गंमत म्हणजे, थोड्या दिवसांनी त्याच्या वडिलांनी, उत्तरेच्या नौदलातल्या ॲडमिरल डालग्रेन यांनी, प्रेत मागितलं आणि डेव्हिस सरकार द्यायला तयार झालं. अधिकाऱ्यांनी थडगं उघडलं. आत काहीच नाही!

खरं कवच

१८६४ च्या शरद ऋतूत तिच्यावर अधिकृत चौकशी बसली. साक्ष द्यायला आली तिचीच वहिनी, नवऱ्याशी फाटलेली. घरात काय बोललं जातं, कुणाच्या विजयाची वाट बघितली जाते, सगळं तिने सांगितलं. चौकशीचा निष्कर्ष काय निघाला माहितीये? बाई बोलते नको ते, पण प्रत्यक्ष काही केल्याचं दिसत नाही. कारवाई नको.

बोलते, करत नाही. श्रीमंत घरातली गोरी बाई फार तर भावनेच्या भरात बडबडेल, ती निरोपांची ठाणी चालवू शकेल हे त्या पुरुषांच्या डोक्यातच आलं नाही. तिचं वेषांतर म्हणाल तर हेच होतं. विस्कटलेले केस नाहीत, फाटका झगा नाही. इतिहासकार एलिझाबेथ व्हॅरन यांनी २००३ च्या आपल्या चरित्रग्रंथात हे नीट मांडलंय. वेडाचं सोंग घेतलेल्या बाईला विंडर यांनी पास दिला असता का, गिब्ज कुटुंब तिच्याकडे राहायला आलं असतं का? तिचं सगळं काम ती प्रतिष्ठित आणि शहाणी दिसत होती म्हणूनच शक्य झालं.

मग वेडी बेट आली कुठून? १९०० मध्ये ती वारल्यानंतर. १९११ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात तिच्यावर गाजलेला लेख आला आणि हे चित्र पक्कं झालं. पडताळायला तिचे मूळ अहवाल हाताशी नव्हतेच, कारण डिसेंबर १८६६ मध्ये तिने स्वतःच ते युद्धखात्याकडून परत घेऊन नष्ट केले होते. रिचमंडमध्ये राहायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण विचार करा, ही कथा रिचमंडला किती सोयीची होती! आपल्यातल्याच एका हुशार बाईने सगळा विचार करून आपल्याविरुद्ध निर्णय घेतला, हे पचवण्यापेक्षा ती वेडीच होती म्हणणं किती सोपं. जिचं म्हणणं पटत नाही तिला येडी, सायको म्हणून मोकळं व्हायची सवय तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावरही पाहिली असेलच.

अशाच धुक्यात आणखी एक बाई हरवली. मेरी जेन रिचर्ड्स. व्हॅन ल्यू घरातली गुलाम मुलगी, जिला उत्तरेत शिकायला आणि १८५५ मध्ये आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवलं गेलं. १८६० मध्ये ती परतली. मेरी बाउझर या नावाने तिची दंतकथा अशी की, ती अध्यक्ष डेव्हिस यांच्या घरात मोलकरीण म्हणून राहून टेबलावरचे कागद वाचायची. आम्हाला मास कॉमच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की, कथा जितकी फिल्मी तितकी ती दोनदा तपासा. मेरीने स्वतः १८६५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भाषणांत आपण डेव्हिस यांच्या घरात शिरल्याचं सांगितलं, पण दर वेळी तपशील बदलले. तिचा म्हणून वर्षानुवर्षं छापला गेलेला फोटो तर भलत्याच मेरी बाउझरचा निघाला! पक्कं माहीत आहे ते हे की, युद्धानंतर ती मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांना शिकवत होती. मला विचाराल तर सिनेमा यावर निघायला हवा.

एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडलं. एलिझाबेथने घरावर अमेरिकेचा झेंडा लावला, जमाव चालून आला, तिने एकेकाला नावाने ओळखून दम भरला, असं सांगतात. तिची खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. पैसे कैद्यांवर आणि बातम्यांवर संपले होते. ग्रँट यांच्या गुप्त माहिती विभागाचे प्रमुख जॉर्ज शार्प यांनी तिला पंधरा हजार डॉलर द्यावेत अशी शिफारस केली. काँग्रेसने दिले पाच हजार. १८६९ मध्ये ग्रँट अध्यक्ष झाले आणि पंधरा दिवसांत त्यांनी तिला रिचमंडची पोस्टमास्तर नेमलं. आठ वर्षं तिने ते काम केलं आणि काळ्या लोकांना कारकून म्हणून घेतलं. शहराने ते कधी माफ केलं नाही. रस्त्यात कुणी ओळख देईना. ‘हेर’ हा शब्द तिला स्वतःलाही आवडत नसे. मी माझ्याच देशाशी प्रामाणिक राहिले, मग हेर कशी, असं तिचं म्हणणं.

ग्रँट गेले, नोकरी गेली. म्हातारपणी घर चालायचं ते बोस्टनच्या लोकांच्या मदतीवर. त्यात पॉल रिव्हीअर या अधिकाऱ्याचं कुटुंब होतं, ज्याला तिने कैदेत असताना मदत केली होती. मालमत्तेचा कर भरताना ती सोबत लेखी निषेध जोडायची: मत द्यायचा हक्क नाही, तर कर कसला? अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये. एलिझाबेथ २५ सप्टेंबर १९०० रोजी गेली. लिपीचा तो चौकोन तेव्हाही तिच्या घड्याळात होता, युद्ध संपून पस्तीस वर्षं झाली तरी.

तिच्या थडग्यावरचा दगड बोस्टनहून आला. बंगला १९११ मध्ये पाडला गेला. त्या जागेवर आता शाळा आहे.